आधी आतून

“वहिनी, आज काचा आहेत,” असं वामनराव दारातूनच म्हणाले, की मी त्यांच्या ताटातलं लोणचं उचलते, आमटीची वाटी परत घेते आणि नुसता गुरगुट्या भात वाढते. तूप नाही, ताक नाही, कांदा तर नाहीच. मीठसुद्धा चिमटीभर. नव्या माणसाला वाटतं, गृहस्थ आजारी आहेत. शेजारी बसलेला एखादा कामगार कीव येऊन आपली भजी त्यांच्यापुढं सरकवतो. वामनराव ती दोन बोटांनी परत सरकवतात आणि शांतपणे सांगतात, “नको. आज थुंकी स्वच्छ ठेवायची आहे.”

त्यानंतर तो कामगार सहसा स्वतःही भजी खात नाही.

चिंचवड स्टेशनाजवळ माझी खानावळ आहे. यजमान गेल्यावर रडत बसायला सवड नव्हती. आजूबाजूला कारखाने उभे राहायला लागले होते, त्यांच्यामागून साताऱ्याची, नगरची, कोकणातली माणसं येत होती, आणि या सगळ्यांना दोन वेळा भूक लागते हे माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून मी माणसं ताटावरून ओळखते. भाकरीचा पापुद्रा आधी खाणारा हट्टी असतो. भाताचा डोंगर करून मधे आमटीचं तळं करणारा घरचा लाडका असतो. पण वामनराव कळायला मला बराच काळ लागला.

माणूस उंच, वाळका, साठी ओलांडलेला. हनुवटी इतकी लांब की चेहरा एका ठिकाणी संपायला हवा होता आणि संपला नाही असं वाटतं. रेल्वेत होते. पुण्याच्या यार्डात डबे धुणारी टोळी असते, तिचे मुकादम. नोकरी संपली तरी निळा कोट अजून खोलीत खुंटीला आहे आणि दर रविवारी त्याला ऊन दाखवलं जातं. बायको मुलगी लहान असतानाच गेली. मुलगी लग्न होऊन मुंबईला. हल्ली वामनराव खेळण्यातल्या जुन्या आगगाड्यांच्या खिडक्या साफ करतात.

हे वाक्य लोक नीट ऐकत नाहीत, म्हणून पुन्हा सांगते. आगगाड्या नाही. खिडक्या.

साहेब लोक आपल्या देशी गेले तेव्हा त्यांच्या मुलांची खेळणी इथंच राहिली. त्यात पत्र्याच्या, चावीवर पळणाऱ्या आगगाड्या होत्या. काही त्या साहेबांच्याही बापांच्या वेळच्या. पुण्याच्या कॅम्पातला एक दुकानदार त्या गोळा करतो आणि दुरुस्तीला पिंपरीच्या बाजारात उस्मानभाईकडं पाठवतो. उस्मानभाई एरवी घड्याळं दुरुस्त करतो. चाकं, चावी, कमान तो बघतो आणि डबे वामनरावांकडं येतात. नखाएवढ्या खिडक्या. काही अभ्रकाच्या, काही सेल्युलॉइडच्या, पिवळ्या पडलेल्या, धुरकटलेल्या, कडा वळलेल्या.

“गाडी एकदा चालवून तरी बघा की राव,” उस्मानभाई त्यांना म्हणतो. “काय चाल आणलीय मी तिला! मख्खन!”

“इंजिन काय, कुणीही ओढील,” वामनराव म्हणतात. “माणूस खिडकीत असतो.”

“या डब्यात कुठलं माणूस, वामनराव? रिकामा डबा हाय.”

“तुला दिसत नाही. काच मळलीय ना.”

उस्मानभाई माझ्याकडं बघून कपाळाला हात लावतो. दोघांची मैत्री अशी, की एक दिवस भेट झाली नाही तर उस्मानभाई सायकल मारत येतो आणि आपण दुसऱ्याच कामाला आलो होतो असं सांगतो.

एकदा ते जेवायला आले नाहीत म्हणून मी डबा घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. माझ्याबरोबर भाकऱ्या थापणारी चऱ्होलीची सगुणा होती. वामनराव दाराशी उजेडात बसले होते. मांडीवर पत्र्याचा लाल डबा, हातात आगकाडी, तिच्या टोकाला मलमलीची चिंधी. चिंधी ओठांना लावायची, जिभेवर किंचित टेकवायची आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून बारीक बारीक गोल फिरवत मधे यायचं. मग चिंधी बदलायची. डब्याचं छप्पर काढून ठेवलं होतं आणि काम आतून चाललं होतं.

“आवं बाई,” सगुणा माझ्या कानात म्हणाली, आणि सगुणाचं कानात म्हणजे अर्ध्या आळीला, “हे बाबा थुकीनं काचा पुसत्यात व्हय?”

“होय,” वामनराव मान वर न करता म्हणाले. “रॉकेलनं काच आंधळी होते. सोडा तिला खातो. गरम पाण्यानं ती पापडासारखी वळते. थुंकी तेवढी नीट वागते तिच्याशी. थुंकीला घाई नसते.”

“मंग माजी भांडी काय वाईट हायती? या की उद्याच्याला घासाया.”

“भांड्याला राख पुरे,” ते गंभीरपणे म्हणाले. त्यांना थट्टा कळत नाही असं मला तेव्हा वाटलं होतं. आता तसं वाटत नाही.

मी विचारलं, “बाहेरून एवढी घाण आहे, ती सोडून आतून का पुसताय?”

“आधी आतून, वहिनी. नेहमी आधी आतून. बाहेरून पुसलेली काच बघणाऱ्याची. आतून पुसलेली बसणाऱ्याची. टोळीतल्या पोरांना मी जन्मभर हेच सांगितलं. बाहेरून सगळेच पुसतात. साहेब बाहेरूनच बघतो ना.”

जिथं काच फुटलेलीच असे, तिथं दवाखान्यातून मागून आणलेली एक्स-रेची जुनी फिल्म कापून बसवायची. ती गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून चोळली की काळा थर निघून जातो आणि खाली निळसर, स्वच्छ फिल्म राहते. एका डब्याच्या खिडकीत मला काहीतरी वाकडं, पांढरं दिसलं. निरखून बघितलं, तर कुणाची तरी बरगडी राहून गेली होती.

“राहू दे,” वामनराव म्हणाले. “त्यालाही खिडकी मिळाली.”

हा त्यांचा आवडता शब्द. कुणी गावाहून आला, की बाकीचे विचारतात घरचे कसे आहेत, पाऊस कसा आहे. वामनराव विचारतात, “खिडकी मिळाली?” नाही म्हटलं की त्यांना मनापासून वाईट वाटतं. हाच प्रश्न ते इतर बाबतीतही वापरतात. कुणाला कारखान्यात बढती मिळाली, “वा, खिडकी मिळाली.” आळीतल्या एका म्हाताऱ्या वाण्याला पोहोचवून आल्यावर सगळे गप्प बसले होते, तेव्हाही ते हळूच म्हणाले, “सरळ माणूस होता. खिडकी मिळाली असेल त्याला.” वाण्याच्या मुलाला ते इतकं बरं वाटलं, की तो त्या दिवशी पहिल्यांदा रडला.

आता थुंकीनं त्यांचं जे नुकसान केलं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

मुलीचं नाव शकुंतला. वामनराव तिला शकू म्हणतात. तिचं लग्न चांगलं जमलं होतं. मुलगा मुंबईत नोकरीला, घरचे देव सोलापूरला. व्याही मात्र सोवळ्याओवळ्याचे फार कडक. लग्नाच्या पंगतीत व्याही सोवळं नेसून बसले होते, वाढप चालू होतं, वामनराव हात जोडून आग्रह करत होते. गरम भाताची वाफ व्याह्यांच्या चष्म्यावर आली, वर तुपाचा शिंतोडा उडाला. व्याही म्हणाले, “अहो, जरा चष्मा पुसायला काही द्या.”

वामनरावांनी चष्मा स्वतःच काढून घेतला. त्यावर तोंडाची वाफ सोडली, जिभेवर उपरण्याचं टोक टेकवलं, दोन्ही काचा आतून बाहेरून लख्ख पुसल्या आणि सगळ्या पंगतीदेखत तो उष्टा चष्मा व्याह्यांच्या नाकावर परत चढवला.

व्याही भरल्या पानावरून उठले. त्यांच्यामागून त्यांच्याकडची सगळी पंगत उठली.

“मुद्दाम केलं असं वाटलं त्यांना,” वामनरावांनी मला सांगितलं. “तीस वर्षांचा हात तो, वहिनी. काच दिसली की चालतो. मी पाया पडलो. नाही ऐकलं.” मग म्हणाले, “चष्मा मात्र स्वच्छ झाला होता. दारातून बाहेर जाताना त्यांनी मला नखशिखांत बघून घेतलं, ते त्याच चष्म्यातून.”

तेव्हापासून शकूला माहेर बंद. पहिला सण नाही, मंगळागौर नाही, काही नाही. दर वर्षी गौरीच्या आधी व्याही सगळ्यांना घेऊन मुंबईहून सोलापूरला देवाकडं जातात. पहिल्या वर्षी वामनराव पुणे स्टेशनवर जाऊन उभे राहिले, गाडी तिथं बराच वेळ थांबते म्हणून. व्याह्यांनी बघितलं, शकूला पलीकडच्या बाजूला बसवलं आणि खिडकीची लाकडी झडप लावून घेतली. नंतर सोलापुरात तिला चार दिवस बोलणी खावी लागली, हे वामनरावांना गिरगावातल्या आपल्या बहिणीकडून कळलं. पुन्हा ते पुणे स्टेशनवर गेले नाहीत.

बहिणीनं शकूच्या कानावर एवढंच घातलं, की चिंचवड येताना डाव्या बाजूला बस.

चिंचवडला ती गाडी थांबत नाही. धडधडत निघून जाते. वामनराव दर वर्षी फलाटावर उभे राहतात आणि शकू दर वर्षी डावीकडच्या खिडकीत बसते, असं ते म्हणतात. भाद्रपदातला पाऊस, बंद काचा, त्यांवर मुंबईपासूनचा चिखल आणि धूळ. दिसणार काय? आल्यावर मी विचारलं, “दिसली का?” की म्हणायचे, “बहुतेक.” एका वर्षी म्हणाले, “हिरवं काहीतरी होतं.” त्या दिवशी ते नेहमीचं सगळं जेवले, आणि उठताना ताट उचलायचं विसरले.

गेल्या भाद्रपदात उस्मानभाई भर दुपारी सायकल टाकून खानावळीत शिरला. “भाभी, वामनराव कुठंयत? पुढं रुळांचं काम काढलंय. सगळ्या गाड्या चिंचवडातून माणसाच्या चालीनं सोडतायत. चालीनं, राव! त्यांची सोलापूरवालीसुद्धा!”

वामनराव कोपऱ्यात जेवत होते. त्यांनी हातातला घास खाली ठेवला.  संध्याकाळी दारातूनच म्हणाले, “वहिनी, आज काचा आहेत.”

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मी उस्मानभाईला विचारलं, एवढे कुठले डबे आलेत? तो म्हणाला, एकही नाही. मग मी ताट घेऊन समोर बसले. “वामनराव, कसल्या काचा?”

त्यांनी बेत सांगितला. यार्डात असतं तसं लांब काठीचं पोतेरं त्यांनी उस्मानभाईकडून बांबूला मलमल गुंडाळून तयार करून घेतलं होतं. गाडी चालीनं येणार, हे निळा कोट घालून फलाटावर उभे राहणार आणि खिडकी पुसणार.

“कुणी ओळखलं तर? शकूलाच बोलणी बसतील.”

“म्हणून तर सगळ्याच पुसणार,” ते म्हणाले. “इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत सगळ्या. मग कुणासाठी पुसतोय ते कुणाला कळणार?”

“एवढी गाडी? तुम्ही धावणार तिच्याबरोबर? या वयात?”

“मी कशाला धावतोय? काठी एका जागी घट्ट धरायची. गाडी स्वतःच पुसून घेत पुढं जाते.” ते पहिल्यांदा हसले. “मुकादम होतो, वहिनी.”

“आणि भात कशाला खाताय तीन दिवस? पोतेऱ्याला पाणी लागतं, थुंकी नाही.”

यावर ते हात धुवायला गेले.

हा वेडेपणा आहे हे मला दिसत होतं. पण गृहस्थ ओल्या फलाटावर घसरून गाडीखाली गेले, तर निस्तरायला शेवटी मलाच जावं लागणार, तेव्हा आधीच गेलेलं बरं. स्टेशनमास्तर माझ्याकडं जेवतात. त्यांना मी एवढंच सांगितलं, की गाडी जाताना आत बसून घड्याळाला चावी देऊन घ्या. ते म्हणाले, “वहिनी, घड्याळाला सकाळीच चावी दिली.” मी म्हटलं, “मग परत द्या.” खानावळीच्या बाईशी कुणी फार वाद घालत नाही.

त्या दिवशी पाऊस होताच. जोराचा नाही, चिकट, न थांबणारा. वामनराव निळ्या कोटात ताठ उभे होते, हातात काठी. उस्मानभाई बादली घेऊन मागं. सगुणा सांगितलेलं नसताना आली होती आणि तिनं डोक्यावर पोतं घेतलं होतं. गाडी खरंच चालीनं आली. इंजिन गेलं, त्याच्याकडं यांनी बघितलंही नाही. पहिला डबा आला आणि यांनी काठी टेकवली.

इतकं छान काम मी आयुष्यात कमी बघितलंय. काठी जागची हलत नव्हती. खिडकीमागून खिडकी येत होती आणि तिच्यावरचा चिखल एका पट्ट्यात निघून जात होता. उस्मानभाई पाणी मारत होता. फलाटावरचे हमाल बघत उभे राहिले. “पुसा, बाबा, पुसा!” सगुणा ओरडत होती.

पण काचा पांढऱ्याच राहत होत्या. बाहेरचं सगळं निघालं तरी पांढऱ्याच. आत माणसं कोंबून भरलेली, काचा बंद, श्वासांची वाफ. पलीकडं नुसत्या सावल्या हलत होत्या.

वामनरावांच्या ते माझ्याआधी लक्षात आलं असणार. त्यांचा हात तसाच राहिला, पण ते पुटपुटायला लागले, “आतून. आतून आहे, वहिनी. आतून.” मग मोठ्यानं, कुणालाही उद्देशून नाही, “आतून!” डबा गेला. दुसरा गेला. त्या आवाजानं मला कसंतरी झालं आणि मी सगुणाला उगाचच म्हटलं, पोतं नीट घे.

मधल्या एका डब्यात एका पांढऱ्या काचेच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. पुन्हा हललं. बारीक गोल. कोपऱ्यापासून मधे येणारं, सावकाश, मुळीच घाई नसलेलं. आण्याएवढी जागा स्वच्छ झाली. त्यातून मला हिरव्या लुगड्याच्या पदराचं टोक दिसलं. ते टोक मागं गेलं, ओठांपाशी गेलं, जिभेवर टेकलं आणि परत काचेवर आलं. आण्याची बशी झाली. बशीत एक डोळा आला, मग कपाळावरचं कुंकू, मग ती लांब हनुवटी. ती हनुवटी कुणाची, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

वामनरावांनी काठी टाकून दिली. खिशातला मलमलीचा तुकडा काढला, ओठांना लावला आणि चालत्या गाडीबरोबर चालत बाहेरून त्याच वर्तुळावर ठेवला. आतून ती पुसत होती, बाहेरून हे. दोघं एकमेकांकडं बघत होती, आणि दोघांचेही हात थांबत नव्हते. काच उघडायची तिला मुभा नसावी. पुसायला कुणी मनाई केली नव्हती.

तिच्या शेजारी चष्मा लावलेले एक वयस्क गृहस्थ होते. सून सगळ्यांदेखत पदर जिभेला लावतेय, हे त्यांना दिसत होतं. बाहेर कोण आहे, हेही दिसलं असणार, कारण काच आता अगदी स्वच्छ झाली होती. त्यांनी झडपेकडं हात नेला.  मग त्यांनी हात मागं घेतला, चष्मा काढला आणि तो आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. फलाट संपेपर्यंत ते मान खाली घालून तो एक चष्मा पुसत होते. त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. चष्म्याशिवाय त्यांना काही दिसत नसावं, एवढं मात्र मी बघितलं.

फलाट संपला. उस्मानभाईनं वामनरावांचा कोट मागून पकडला होता, नाहीतर ते तसेच चालत कासारवाडीला गेले असते.

  खानावळीत आल्यावर मी सगळ्यांना कोरडं व्हायला पंचे दिले आणि पानं घेतली. वामनरावांपुढं सवयीनं गुरगुट्या भात ठेवला.

“खिडकी मिळाली?” मी विचारलं.

त्यांनी होकाराची मान हलवली.  मग म्हणाले, “वहिनी, काचा झाल्या. लोणचं वाढा.”

मी वाढलं. त्यांनी मोठी फोड उचलून तोंडात टाकली. उस्मानभाई खाली मान घालून जेवत होता. जरा वेळानं वामनरावांनी पंच्यानं डोळे टिपले, पुन्हा टिपले आणि म्हणाले, “तिखट झालंय हो यंदा.”

ते उपासाचं लिंबाचं गोड लोणचं होतं. त्यात मिरचीचा कणही नव्हता. पण मी जेवणाऱ्या माणसाशी वाद घालत नाही.

“पुढच्या वेळी कमी घालीन,” म्हटलं, आणि आणखी एक फोड वाढली.